जुने कार्ब्युरेटरचे इंजिन सुरू होत नसेल तर : दोष शोधण्याचा क्रम

पावसाळ्याचे चार महिने पडवीत उभी राहिलेली जुनी स्कूटर दसऱ्याच्या पूजेसाठी बाहेर काढावी आणि वीस-पंचवीस वेळा किक मारूनही इंजिनाने दाद देऊ नये, हा गोव्यातील अनेक घरांचा अनुभव आहे. पुढचे प्रसंगही ठरल्यासारखे घडतात. कोणी प्लग बदलायला सांगतो, कोणी कॉइल. दोन्ही बदलून झाले की ‘कार्ब्युरेटर गेला’ असा निकाल लागतो आणि अखेर धडधाकट गाडी भंगाराच्या भावात दिली जाते. वास्तविक अशा गाडीत अनेकदा मोडलेले काहीच नसते. बारीक छिद्रात सुकलेला राळेसारखा थर, दमट हवेने गंजलेला तारेचा एखादा जोड किंवा टाकीच्या तळाशी साचलेले चमचाभर पाणी, एवढेच कारण निघते. ते शोधण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. योग्य क्रम मात्र लागतो.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ ही प्रदूषण मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी संवेदकांच्या आधारे इंधन फवारणारी यंत्रणा आली. नव्या गाड्यांचे दोष संगणकीय यंत्र जोडून वाचता येतात, जुन्या गाड्यांचे दोष मात्र डोळे, कान आणि नाक वापरूनच ओळखावे लागतात. बजाज चेतक, यामाहा आरएक्स १००, येझदी, जुनी बुलेट, सुरुवातीच्या काळातील हिरो होंडा या गाड्या आजही राज्यात धावतात. त्या जाणणारे मेकॅनिक मात्र दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून ही तपासणी मालकालाही ठाऊक असणे आता गरजेचे झाले आहे.

इंजिनाच्या गरजा

पेट्रोल इंजिनाला सुरू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात : पेट्रोल आणि हवेचे पेटू शकणारे मिश्रण, ते पेटवणारी ठिणगी आणि मिश्रणावर पडणारा पुरेसा दाब. ठिणगी योग्य क्षणी पडली पाहिजे, ही चौथी अट त्यातच धरावी. या सर्व गोष्टी जुळल्या तर इंजिनाला सुरू व्हावेच लागते. ते सुरू होत नाही याचा अर्थ यांपैकी एक तरी गोष्ट कमी आहे, आणि ती कोणती हे ठरवणे म्हणजेच दोष शोधणे.

मिश्रण तयार करण्याचे काम कार्ब्युरेटर करतो. त्याच्या नळीचा मधला भाग अरुंद असतो. इंजिनाकडे ओढली जाणारी हवा तेथून वेगाने जाते, तिचा दाब उतरतो आणि शेजारच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रांतून वर खेचले जाऊन तुषारांच्या रूपाने हवेत मिसळते. वाटीतील पेट्रोलची पातळी फ्लोट सांभाळतो. पातळी उतरली की फ्लोट खाली जातो, सुईची झडप उघडते आणि टाकीतून पेट्रोल येते. ज्या छिद्रांतून पेट्रोल मोजून जाते त्यांना जेट म्हणतात. सुरू होताना आणि मंद गतीत पायलट जेट काम करतो, वेग वाढल्यावर मेन जेट. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने साधारण १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरू करताना त्याचे प्रमाण वाढवावे लागते. चोक असतो तो याचसाठी.

पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही लहान असते. संपूर्ण यंत्रणेत सर्वांत आधी तुंबते ते हेच, आणि इंजिन सुरू होण्यासाठी सर्वांत आधी लागते तेही हेच. महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी सुरू न होण्याचे गणित बहुधा येथे सुटते.

पाना उचलण्यापूर्वी

आधी सुरक्षितता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूर ठेवलेल्या समईपर्यंतही पोहोचू शकते. म्हणून काम मोकळ्या जागेत करावे, जवळ विडी, देव्हारा, गॅसची शेगडी नसावी आणि वाळूची बादली हाताशी असावी. काढलेले पेट्रोल झाकण असलेल्या धातूच्या डब्यात ठेवावे, पाण्याच्या बाटलीत कदापि ठेवू नये. सांडलेले पेट्रोल पूर्ण सुकून वास जाईपर्यंत ठिणगीची चाचणी करू नये.

मग साध्या गोष्टी पाहाव्यात. पेट्रोलचा कॉक उघडा आहे का? मुख्य साठा संपून तो रिझर्व्हवर न्यायचा राहिला आहे का? इंजिन बंद करण्याचे बटण चुकून दाबलेले आहे का? थंड इंजिनाला चोक दिला आहे का? टाकीचे झाकण उघडून पेट्रोल डोळ्यांनी पाहावे, काट्यावर विश्वास ठेवू नये. अनेक दुरुस्त्या येथेच संपतात.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. साखळी, डिचोलीसारख्या पूर येणाऱ्या बाजारपेठांत हा प्रसंग उद्भवतो. अशा गाडीला किक मारू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर लावल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढावा, पाणी बाहेर जाऊ द्यावे आणि इंजिनाचे तेल दुधासारखे पांढुरके झाले असल्यास बदलून घ्यावे.

प्लग काय सांगतो

तपासणीचा खरा आरंभ प्लगपासून होतो. आठ-दहा वेळा किक मारून लगेच प्लग काढावा आणि त्याचे टोक पाहावे. ते कोरडे असेल तर सिलिंडरपर्यंत पेट्रोल पोहोचत नाही. ते ओले असून पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, पण पेटत नाही. या एका निरीक्षणाने अर्धे काम हलके होते, कारण कोरड्या प्लगच्या गाडीची कॉइल बदलण्यात किंवा ओल्या प्लगच्या गाडीचा कार्ब्युरेटर खोलण्यात अर्थ उरत नाही.

रंगही बोलका असतो. फिकट तपकिरी टोक हे निरोगी ज्वलनाचे लक्षण. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. तेलकट काळेपणा टू-स्ट्रोक गाडीत तेलाचे प्रमाण जास्त झाल्याचे सांगतो, फोर-स्ट्रोकमध्ये तो रिंगा झिजल्याचा इशारा असू शकतो.

प्लग कोरडा असेल तर

पेट्रोलच्या वाटेवर टाकीकडून सिलिंडरकडे एकेक टप्पा तपासत जावे. प्रथम टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र. ते बुजले की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरेनासे होते. झाकण उघडताच ‘सूं’ असा आवाज येऊन पेट्रोल वाहू लागले, तर दोष सापडला. गाडी सुरू होऊन काही मिनिटांनी बंद पडते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते, त्याचेही हे एक कारण आहे.

नंतर कार्ब्युरेटरकडे येणारी नळी काढून तिचे तोंड डब्यात धरावे आणि कॉक उघडावा. धार अखंड हवी. ती थेंबथेंब पडत असेल तर कॉकची जाळी किंवा फिल्टर तुंबला आहे. टाकीच्या आत लालसर गंज दिसत असेल तर केवळ फिल्टर साफ करून भागणार नाही, गंज पुन्हा खाली येईल. टाकी धुऊन घ्यावी लागेल.

धार चांगली असूनही प्लग कोरडा असेल तर दोष कार्ब्युरेटरमध्ये आहे. सुई अडकली असेल तर वाटीत पेट्रोल येत नाही. अशा वेळी वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकल्यास ती कधी कधी सुटते. वाटीत पेट्रोल असूनही ते पुढे जात नसेल तर पायलट जेट तुंबला आहे. बहुतेक मोटारसायकलींत वाटी उघडून जेटपर्यंत पोहोचता येते. चेतकच्या धाटणीच्या स्कूटरमध्ये एअर फिल्टर काढल्यावर जेट वरूनच स्क्रूड्रायव्हरने निघतात.

जेट साफ करताना घडणारी चूक सार्वत्रिक आहे : छिद्रात तार किंवा सुई घालणे. जेट पितळेचा असतो, पितळ मऊ असते आणि छिद्र नुसते खरवडले गेले तरी पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. जेट कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवावा, दाबाच्या हवेने फुंकावा आणि उजेडासमोर धरून छिद्र गोल, स्वच्छ दिसते का ते पाहावे. डोळ्यांवर चष्मा असावा. मिश्रणाचा स्क्रू काढायचाच असेल तर तो आधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे झाले ते कागदावर लिहून ठेवावे आणि परत बसवताना तेवढेच फेरे बाहेर ठेवावेत.

टू-स्ट्रोक गाड्यांत एक बारकावा आहे. वाटीतील पेट्रोल महिन्याभरात उडून जाते, त्यात मिसळलेले तेल मात्र मागे राहते. पुन्हा सुरू करताना इंजिनाला पहिला घोट मिळतो तो जवळजवळ तेलाचाच. म्हणून गाडी उभी करून ठेवण्यापूर्वी कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवणे हिताचे असते.

पेट्रोलच बिघडले असेल तर

पेट्रोल ही टिकाऊ वस्तू नव्हे. त्यातील सहज उडणारे हलके घटक, ज्यांच्या बळावर थंड इंजिन पेटते, ते प्रथम निघून जातात आणि उरलेल्यातून चिकट राळ तयार होते. जुन्या पेट्रोलचा वास वार्निशसारखा आंबूस येतो. दोन-तीन महिन्यांहून जुने पेट्रोल संशयास्पद मानावे.

इथेनॉलमिश्रणाने हा प्रश्न अधिक नाजूक केला आहे. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची विक्री देशात २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. किनारपट्टीच्या दमट हवेत, अर्धवट रिकाम्या टाकीत हा ओलावा साठत जातो आणि प्रमाणाबाहेर गेला की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. कॉक पेट्रोल घेतो तोही तळातूनच. त्यामुळे टाकी वरून भरलेली दिसत असली तरी कार्ब्युरेटरला मिळते ते पाणीच. याखेरीज जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि वॉशर अशा इंधनासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात आणि त्यांचे कण जेटमध्ये जाऊन बसतात.

याची चाचणी सोपी आहे. कॉकमधून थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत काढून दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करावी. वरून ताजे पेट्रोल ओतून असे इंधन सुधारत नाही. काढलेले पेट्रोल गटारात किंवा विहिरीच्या परिसरात ओतू नये, गॅरेजमध्ये द्यावे.

प्लग ओला असेल तर

पेट्रोल पोहोचते आहे, तर मग ठिणगी पाहायची. मात्र वारंवार किक मारल्यामुळे इंजिनात पेट्रोल साचले असेल तर आधी ते काढावे : कॉक बंद, चोक बंद, एक्सलेटर पूर्ण उघडा आणि दहा-बारा किका. प्लग पुसून, सुकवून परत बसवावा. पुष्कळदा इंजिन येथेच सुरू होते.

न झाल्यास प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला घट्ट टेकवावा आणि किक मारावी. प्लगच्या मोकळ्या भोकातून पेट्रोलचे तुषार बाहेर येतात. त्यामुळे प्लग भोकापासून दूर धरावा आणि भोकावर कापड ठेवावे. प्लग हाताने न धरता रबरी हातमोजा किंवा सुक्या लाकडाचा चिमटा वापरावा. निळी, टणक, ‘टक’ असा आवाज करणारी ठिणगी चांगली, पिवळसर आणि अशक्त ठिणगी वाईट. सीडीआय पद्धतीच्या गाड्यांत प्लग धातूला न टेकवता किक मारू नये, त्याने सीडीआय निकामी होऊ शकतो.

ठिणगी नसेल तर स्वस्त वस्तूंपासून सुरुवात करावी. प्रथम खात्रीचा नवा प्लग लावून पाहावा, कारण बाहेर ठिणगी देणारा जुना प्लग सिलिंडरमधील दाबाखाली हार मानू शकतो. प्लगची फट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाची असावी, सर्वसाधारणपणे ती ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते. त्यानंतर प्लगची टोपी. तिच्यात ओलावा शिरला तर ठिणगी बाजूने निसटते. अंधारात किक मारल्यावर तारेभोवती निळसर चमक दिसली तर चोरी तेथे होते आहे. बार्देश, सासष्टीच्या किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत तारांचे जोड आणि अर्थिंग लवकर गंजतात. ते काढून, घासून, पुन्हा घट्ट करणे हा उपाय बिनखर्ची आणि हमखास करण्याजोगा आहे.

पुढचा टप्पा सीबी पॉइंटचा. जुन्या चेतक, येझदी आणि बुलेटमध्ये ठिणगीचा क्षण हे दोन छोटे स्पर्शबिंदू ठरवतात. गाडी बराच काळ उभी राहिली की त्यांवर पातळ थर चढतो आणि वीज वाहत नाही. बारीक पॉलिश पेपरची एक पट्टी त्यांच्यामधून दोन-तीनदा ओढून नंतर कोरड्या स्वच्छ कागदाने पुसावे. त्यांची फट साधारण ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर असते. पॉइंट वारंवार जळून काळे पडत असतील तर कंडेन्सर बिघडला आहे. थंड असताना सुरू होणारी आणि तापल्यावर बंद पडून तासाभराने पुन्हा सुरू होणारी गाडी कंडेन्सर किंवा कॉइलकडे बोट दाखवते.

येथे गाडीचा प्रकार ठाऊक असणे आवश्यक आहे. चेतकला ठिणगीची वीज फ्लायव्हीलमधील मॅग्नेटो पुरवतो, बॅटरी नसली तरी ती सुरू होते. पॉइंट असलेल्या जुन्या बुलेटला ही वीज बॅटरीकडून मिळते. चार महिन्यांत उतरलेली बॅटरी चार्ज न करता बुलेटचा कार्ब्युरेटर खोलत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय.

दाब आणि वेळ

पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ठीक असूनही इंजिन गप्प असेल तर दाब तपासावा. प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबून दुसऱ्याने किक मारावी. अंगठा जोराने ढकलला गेला पाहिजे. तो सहज टिकून राहत असेल तर प्लगच्या भोकातून दोन चमचे इंजिन तेल सोडून पुन्हा पाहावे. दाब वाढला तर रिंगा सुकल्या किंवा झिजल्या आहेत. न वाढल्यास फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नीट बसत नसावेत किंवा हेडचे पॅकिंग गेले असावे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे सील फाटले तर सिलिंडरचा दाब चांगला असूनही मिश्रण वर ढकलले जात नाही.

किक उलटी झटका देत असेल किंवा कार्ब्युरेटरमधून फटका येत असेल तर ठिणगीची वेळ चुकली आहे. पॉइंटची फट सरकल्याने किंवा फ्लायव्हील जागेवर धरणारी छोटी चावी तुटल्याने असे होते. ही चावी तुटलेली असताना ठिणगी दिसते, पेट्रोल येते, दाब असतो, तरीही इंजिन सुरू होत नाही. त्यामुळे मालक आणि मेकॅनिक दोघेही फसतात.

हवेची वाटही मोकळी हवी. तेलाने माखलेला एअर फिल्टर किंवा काजळीने भरलेला टू-स्ट्रोक सायलेन्सर इंजिनाचा श्वास कोंडतो. उभ्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशी मातीचे घर बांधते, हेही कारण कित्येकदा निघते.

कोठे थांबावे

या तपासणीचे दोन नियम आहेत. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर इंजिन सुरू करून पाहावे. प्लग, पॉइंट आणि जेट एकाच बैठकीत बदलले तर गाडी सुरू झाली तरी कारण कळत नाही, आणि न झाल्यास नवा दोष जुन्यात मिसळलेला असतो. दुसरा नियम म्हणजे जे पाहिले ते लिहून ठेवणे : प्लग ओला की कोरडा, ठिणगी कशी, दाब किती. ही चार ओळींची नोंद घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या मालकाला गरज नसलेले सुटे भाग सहसा माथी मारून घ्यावे लागत नाहीत.

फ्लायव्हील उतरवणे, क्रँकचे सील बदलणे, व्हॉल्व्ह घासणे ही कामे विशिष्ट हत्यारांची आणि सरावाची आहेत. ती मेकॅनिककडे सोपवावीत. कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून किक मारण्याचा प्रयोग कोणीही करू नये. उलटा भडका उडाला तर हात आणि गाडी दोन्ही भाजतात.

मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस लागण्यापूर्वी, अर्धा तास दिला तर यातले पुष्कळ टळते. टाकी एकतर काठोकाठ भरावी किंवा पूर्ण रिकामी करावी, अर्धवट ठेवू नये. कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा करावा. बॅटरी काढून घरात ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालावा आणि तो काढायचा आहे याची आठवण म्हणून किल्लीला एक दोरा बांधून ठेवावा.